आकाशाची रोजकीर्द

आमचे मानवत हे कापसाच्या बाजारपेठेचे गाव. पाडव्याला इथले व्यापारी नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढतात आणि मग वर्षभर रोजकीर्दीत एकही दिवस कोरा सोडत नाहीत. माझे वडील म्हणत, "लिहिले ते राहिले." या बोलाचे मोल मला उतारवयात कळले, आणि तेही आकाशाच्या निमित्ताने.

२०२४ च्या मे महिन्यात लडाखमधील हानले येथे रात्रीचे आकाश लालसर उजळले. ती छायाचित्रे पाहून माझी नात म्हणाली, "आजोबा, हे आपल्या मानवतला का दिसत नाही?"

मी तिला सांगितले, की सूर्यातून विद्युतभारित कणांचा ओघ सतत वाहत असतो. पृथ्वी हा एक मोठा चुंबकच. तो या कणांना ध्रुवांकडे वळवतो. तेथे ते हवेवर आदळले की हवा उजळते. शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवरचा प्राणवायू हिरवा प्रकाश देतो, दोनशेच्या वरचा तांबडा; नायट्रोजन निळा-जांभळा. हाच ध्रुवीय प्रकाश. म्हणून तो नॉर्वे, आइसलँड, कॅनडा, अलास्का येथे नेहमी दिसतो. दक्षिणेस अंटार्क्टिकावर आणि कधी टास्मानियातून. सूर्यावर मोठा उत्पात झाला, तरच त्याचे कडे विषुववृत्ताकडे सरकते आणि दूरच्यांना त्याचा वरचा तांबडा पदर तेवढा दिसतो.

"पण हानले तर किती उत्तरेला!" नात म्हणाली. तेव्हा मला मुंबईची गोष्ट काढावी लागली.

कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली. पुढे तेथे चुंबकसूचीचे वेध घेऊ लागले. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यबिंबावर एक लखलखाट दिसला. दुसऱ्या दिवशी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आले. कित्येक देशांत तारायंत्रे बिघडली. मुंबईत तेव्हा ऊन वर आले होते. आकाशात काहीच दिसणे शक्य नव्हते. परंतु कुलाब्यातील माणसे मापनपट्टीवरचे आकडे नेमाने टिपत होती. पृथ्वीच्या चुंबकबलात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट त्यांनी लिहून ठेवली. डोळ्यांना जे दिसले नाही, ते सूचीने पाहिले! २००३ साली शास्त्रज्ञांनी त्या वादळाचे बळ मोजले, ते याच नोंदींच्या आधारे.

पुढे ४ फेब्रुवारी १८७२, रविवार. त्या रात्री मुंबईतून खुद्द ध्रुवीय प्रकाश दिसल्याची बातमी वृत्तपत्रात छापली गेली. आता गंमत पाहा: आमचे मानवत मुंबईहून किंचित उत्तरेलाच आहे! तेव्हा ते निजामाच्या राज्यात होते. त्या रात्री एखाद्या राखणदाराने वावरातून उत्तरेकडे पाहिले असेल, दूर कुठे वणवा लागला असे समजून घोंगडी ओढून घेतली असेल. ही माझी कल्पना, इतिहास नव्हे. इतिहासाला वहीचे पान लागते.

ते पान राखण्यासाठी माणसे किती झटली! मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरल्यावर त्यांच्या प्रवाहाने सूची बिघडण्याची भीती निर्माण झाली. वेधशाळेचे संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी हे काम अलिबागला हलवले. तेथील वेधशाळेच्या बांधकामात लोखंड टाळले गेले. १९०४ पासून तेथे वेध सुरू झाले. पण दोन्हीकडचे आकडे जुळावेत म्हणून १९०६ पर्यंत कुलाब्यातही नोंदी चालूच ठेवल्या. आपल्या हयातीत यांचा उपयोग होईल की नाही, हा हिशेब त्यांनी मांडला नाही.

यंदा पाडव्याला आमच्या घरी एक वही जास्त पुजली गेली. नातीने तिच्यावर स्वस्तिक काढले आणि पहिल्या पानावर तारीख घालून लिहिले: "उत्तरेकडे आकाश स्वच्छ. विशेष काही नाही."

मी म्हटले, "हेही लिहिलेस ते बरे केलेस, बाळ."