चाक, चढ आणि पकड : कर्जतच्या घाटांतील कर्षण-नियंत्रणाचा इतिहास

कर्जत तालुक्यातील पोशीर हे गाव नेरळहून कळंबकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले आहे. त्याच्या पश्चिमेच्या बाजूस माथेरानचा डोंगर, पूर्वेस भीमाशंकराकडील सह्याद्रीची भिंत आणि दक्षिणेस, कर्जत ओलांडल्यावर, बोरघाट. चढांनी वेढलेल्या या टापूत गेल्या दोनशे वर्षांत वाहनविद्येपुढील एक प्रश्न पुनःपुन्हा उभा राहिला आहे : चाकास दिलेली शक्ती जमिनीच्या पकडीपेक्षा अधिक झाली तर काय करावयाचे? बलवान स्पोर्ट्स कारला मागाहून बसविण्यात येणारा 'ट्रॅक्शन कंट्रोल', म्हणजेच कर्षण-नियंत्रक, हे या प्रश्नाचे अलीकडील उत्तर होय. परंतु ते एकाएकी उद्भवलेले नाही. त्याची पूर्वपीठिका लोहमार्गावर, आणि तीही याच टापूतील लोहमार्गावर, स्पष्ट दिसते. तिच्या प्रकाशात पाहिले असता असे आढळते की, या साधनाचे कार्य शक्ती वाढविणे हे नसून योग्य क्षणी ती रोखणे हे आहे. आणि त्याचा इतिहास म्हणजे शक्ती केव्हा रोखावी हा निर्णय माणसाच्या हातून यंत्राकडे कसा गेला, याचा इतिहास आहे.

प्रथम मूळ तत्त्व पाहू. चाक जमिनीला मागे रेटते म्हणून वाहन पुढे जाते. या रेट्याला एक कमाल मर्यादा असते. ती म्हणजे शक्ती मिळणाऱ्या चाकांवरील भार गुणिले घर्षणाचा गुणांक. पोलादी चाक व कोरडा पोलादी रूळ यांच्यामध्ये हा गुणांक सुमारे पाव असतो; रूळ ओला वा तेलकट झाला की तो एकदशांशापर्यंत उतरू शकतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर रबरी टायरचा गुणांक ०.८ ते ०.९ च्या आसपास असतो आणि पावसात तो निम्म्यावर येऊ शकतो. मर्यादा ओलांडली म्हणजे चाक जागच्या जागी गरगरू लागते व पकड वाढण्याऐवजी आणखी घटते.

मराठी भाषेने या घटनेकडे कसे पाहिले, हेही येथे नोंदण्यासारखे आहे. 'घसरणे' या एकाच क्रियापदाने मराठी भाषक तीन निरनिराळ्या गोष्टी सांगतो : माणसाचा पाय घसरतो, उतारावर गाडी घसरते आणि आगगाडी रुळांवरूनही घसरते. चाक फिरते आहे पण गाडी हलत नाही, या स्थितीला मात्र रूढ असा स्वतंत्र शब्द नाही. याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. बैलगाडीच्या चाकाला तुंबा, आरे, लोखंडी धाव अशी प्रत्येक भागाची नावे आहेत. पण ते चाक स्वतः ओढत नाही, ते ओढले जाते. ओढणाऱ्या बैलाचा खूर घसरेल. चाक जागी गरगरण्याचा प्रसंगच येत नाही. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, तेव्हा त्यावरील सर्व वाहतूक अशीच ओढली जाणारी होती. चढ अवघड असेल तर आणखी एक जोडी जुंपावयाची, एवढाच उपाय तेथे होता, आणि पाय कसा रोवावा याचा निर्णय जनावर स्वतःच घेत असे.

आगगाडीने ही स्थिती बदलली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या बोरघाट मार्गाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि २१ एप्रिल १८६३ रोजी तो वाहतुकीस खुला झाला. सुमारे २५ किलोमीटरांच्या अंतरात हा मार्ग सुमारे १,८३० फूट चढतो व त्याचा तीव्रतम चढ ३७ स एक असा आहे. या आकड्याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. अशा चढावर गाडीच्या प्रत्येक टनामागे केवळ उंची गाठण्यासाठी सुमारे २७ किलोग्रॅमचा जोर लागतो. इंजिनाचे सर्व वजन शक्ती मिळणाऱ्या चाकांवर आहे असे धरले, तर कोरड्या रुळांवर ते स्वतःसह आपल्या वजनाच्या नऊपट भार चढवू शकेल. गुणांक एकदशांशावर आला की हाच भार पावणेचारपटीच्याही खाली येतो. वळणांचा व इतर विरोध यात धरलेला नाही. बाष्पयंत्राची ताकद दोन्ही वेळी तीच असते. बदलते ती पकड. म्हणूनच कर्जत येथे गाडीच्या मागे जोड इंजिने लावून ती वर रेटण्याची पद्धती रूढ झाली. रेल्वेतील लोक या इंजिनांना 'बँकर' म्हणतात. बँकरमुळे नुसती शक्ती वाढत नाही. शक्ती मिळणाऱ्या चाकांची संख्या व त्यांवरील एकूण भार वाढतो, आणि तोच त्याचा खरा लाभ होय.

तथापि, प्रत्यक्ष क्षणी चाक गरगरू लागले तर उपाय ड्रायव्हरच्याच हाती असे. एंजिनाचा आवाज एकाएकी चढला की तो वाफेचा रेग्युलेटर मिटवी, चाकांखाली रेती सोडी आणि मग हलक्या हाताने पुन्हा वाफ देई. कानाने ओळखणे, हाताने रोखणे आणि पुन्हा देणे, या तीन क्रियांत आधुनिक कर्षण-नियंत्रकाचे संपूर्ण कार्य सामावलेले आहे. फरक एवढाच की, येथे संवेदक म्हणजे ड्रायव्हरचा कान आणि नियंत्रक म्हणजे त्याचा अनुभव होता.

नेरळ-माथेरान मार्गाने हाच प्रश्न अधिक तीव्र स्वरूपात पुढे आणला. सर आदमजी पीरभाई यांच्या द्रव्यसाहाय्याने त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी उभारलेला हा दोन फूट रुंदीचा लोहमार्ग १९०७ मध्ये सुरू झाला. त्याचा मुख्य चढ २० स एक, म्हणजे बोरघाटाच्या जवळजवळ दुप्पट. पर्वतीय मार्गांवर इतरत्र वापरतात तसा दातेरी रूळ येथे घातलेला नाही. सर्व भिस्त गुळगुळीत चाकाच्या पकडीवर आहे. वरील हिशेब येथे लाविला तर कोरड्या रुळांवर पाचपट आणि अगदी निसरड्या रुळांवर केवळ दुप्पट भार, तोही इंजिन धरून, असे उत्तर येते. म्हणजे इंजिन फार तर आपल्याच वजनाचे डबे ओढील. अशा स्थितीत एकही चाक शक्तीविना ठेवणे परवडणारे नव्हते. पण सर्व चाके दांड्यांनी जखडली तर तीव्र वळणे घेता येत नाहीत. जर्मनीतील ओरेनस्टाइन आणि कोप्पेल या कंपनीने पुरविलेल्या इंजिनांत क्लीन-लिंडनर पद्धतीच्या पोकळ आसांची योजना करून ही अडचण दूर केली होती. बाहेरचा पोकळ आस वळणानुसार थोडा फिरे, आणि तरीही आतील आसाकडून त्याला शक्ती मिळत राही. भार आणि शक्ती यांची योग्य वाटणी हेच येथे पकडीचे साधन झाले.

१९२९ मध्ये कल्याण-पुणे मार्गाचे विद्युतीकरण झाले आणि बोरघाटात विजेची इंजिने आली. पुढे डब्ल्यूसीजी-१ या नावाने ओळखल्या गेलेल्या मालगाडीच्या इंजिनांत प्रत्येक सांगाड्यातील तीन आस दांड्यांनी एकमेकांस जोडलेले होते. त्यामुळे एक चाक एकटेच गरगरू शकत नसे. त्याचे दोन सोबती त्याला आवरून धरीत. १९७० च्या दशकात चित्तरंजन येथे तयार झालेल्या डब्ल्यूसीजी-२ या इंजिनांत मात्र प्रत्येक आसाला स्वतंत्र मोटर होती. बांधणी सोपी झाली, पण जुने बंधन सुटले. विद्युत् मोटरी एकसरीत जोडलेल्या असताना एका आसाची पकड सुटली तर त्याची मोटर वेगाने फिरू लागते, विजेच्या दाबाचा अधिक वाटा तीच घेते आणि घसरण आपणच वाढत जाते. अशा रचनेत मोटरींमधील दाबाचा फरक ओळखून ड्रायव्हरला सूचना देणारे व शक्ती कमी करणारे रिले वापरात आले. कान आणि हात यांचे काम येथे प्रथमच तारांकडे गेले.

मोटारगाडीत हाच विचार अवतरला तो अधिक उशिरा. अमेरिकेतील ब्यूइक कंपनीने १९७१ मध्ये 'मॅक्सट्रॅक' नावाची योजना आणली. पुढच्या व मागच्या चाकांच्या वेगांतील तफावत पाहून ती इंजिनाची ठिणगी तोडीत असे. बॉश कंपनीची एबीएस ही ब्रेक-योजना १९७८ पासून प्रचारात आली. तिच्यामुळे प्रत्येक चाकाचा वेग मोजणारे संवेदक गाडीत आयतेच उपलब्ध झाले आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांच्या आधारे कर्षण-नियंत्रकही कारखान्यातूनच बसून येऊ लागला. फॉर्म्युला वनच्या शर्यतींत १९९४ पासून त्यावर बंदी आली, २००१ मध्ये ती उठली व २००८ मध्ये पुन्हा लागू झाली. ड्रायव्हरचे कौशल्य मोजावयाचे की यंत्राचे, हाच त्या वादाचा गाभा होता.

काही उत्पादकांनी हे साधन बुद्ध्याच टाळिले. इंग्लंडमधील टीव्हीआर कंपनीच्या १९९० च्या दशकातील बलवान गाड्यांत एबीएसही नसे आणि कर्षण-नियंत्रकही नसे. अशा गाडीचा हिशेब उदाहरणादाखल करून पाहावा. १,२०० किलोग्रॅमच्या गाडीचा निम्मा भार मागच्या, शक्ती मिळणाऱ्या चाकांवर आहे असे धरू. कोरड्या रस्त्यावर त्यांची पकड सुमारे ५४० किलोग्रॅमची, ओल्या रस्त्यावर सुमारे अडीचशेची. वेग घेताना भार मागे सरकून ही पकड काहीशी वाढते, हे खरे. परंतु ४०० न्यूटन-मीटर पीळ देणारे इंजिन पहिल्या गिअरमध्ये, एकूण दसपट गुणोत्तराने, त्याच चाकांवर १,२०० किलोग्रॅमहून अधिक रेटा आणते. माथेरानच्या इंजिनाला प्रत्येक किलोग्रॅम पकड जपून वापरावी लागे. येथे कोरड्या रस्त्यावरही शक्ती पकडीच्या दुप्पट आहे. दोन्हीकडील अडचण एकच, चुकीची शिक्षा मात्र वेगळी. रुळावरचे चाक गरगरले तर गाडी थांबते. रस्त्यावरचे मागचे चाक गरगरले तर त्याची आडवी पकडही जाते आणि गाडी स्वतःभोवती फिरते. खोपोली-खंडाळ्याच्या जुन्या घाटरस्त्यावर, पहिल्या पावसाने धूळ व तेल एकत्र कालविलेले असताना, हे घडण्यास अ‍ॅक्सिलरेटरवरील पायाचा थोडा अधिक दाब पुरेसा होतो.

मागाहून बसवावयाच्या नियंत्रकाची गरज यातून उत्पन्न झाली. इंग्लंडमधील रेसलॉजिक या कंपनीने असे संच बनविले. त्यांचे कार्य थोडक्यात असे : चाकांवरील दातेरी कड्यांसमोरच्या संवेदकांकडून वेग घ्यावयाचा, शक्ती न मिळणाऱ्या चाकांशी शक्ती मिळणाऱ्या चाकांची तुलना करावयाची, फरक ठरलेल्या प्रमाणापलीकडे गेला की एकेका सिलिंडरचे इंधन क्षणभर तोडावयाचे. हे प्रमाण शून्य ठेवीत नाहीत. चाक किंचित, साधारणतः १० ते २० टक्के, अधिक वेगाने फिरत असतानाच रबराची पकड सर्वाधिक असते. ठिणगी तोडण्याऐवजी इंधन तोडण्याचे कारण असे की, न जळलेले इंधन धुराड्यात जाऊन तेथील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवते व बिघडवते. गाडीत एबीएस नसेल तर कडी व संवेदक नव्याने बसवावे लागतात. टायर बदलले की त्यांचा परीघ बदलतो, तेव्हा यंत्रास नवे प्रमाण शिकवावे लागते. अन्यथा न घडलेली घसरण त्याला दिसेल किंवा घडलेली दिसणार नाही. शिवाय केवळ इंजिनावर चालणाऱ्या अशा संचाला एकट्या गरगरणाऱ्या चाकास ब्रेक लावता येत नाही. ते काम कारखान्यातून आलेल्या, ब्रेकशी जोडलेल्या योजनेचेच.

जुन्या वाहनास मागाहून नियंत्रक जोडण्याचा प्रसंग कर्जत तालुक्यातही आला, तो मात्र रुळांवर आणि चढण्यासाठी नव्हे तर उतरण्यासाठी. माथेरानच्या गाडीत डब्याडब्यावर ब्रेक लावणारी माणसे असत व इंजिनाच्या शिटीच्या खुणेनुसार ती हाताने ब्रेक आवळीत. मे २०१६ मध्ये डबे रुळांवरून घसरण्याच्या दोन घटना घडल्या व वाहतूक बंद करण्यात आली. त्यानंतर डब्यांना हवेच्या दाबाचे ब्रेक जोडण्यात आले आणि २०१७-१८ मध्ये वाहतूक टप्प्याटप्प्याने पूर्ववत झाली. शिटी, कान आणि मनगट यांची साखळी जाऊन तिच्या जागी एक नळी आली. तिची तत्परता निर्विवाद आहे. अनेक माणसांनी एकाच क्षणी सारखाच जोर लावणे हे कितीही सराव झाला तरी दुष्कर असते.

परंतु या लाभाची सीमाही ओळखली पाहिजे. नियंत्रक घर्षण निर्माण करीत नाही. जेवढे आहे तेवढे वाया जाऊ देत नाही, इतकेच. ओल्या रस्त्यावरील अडीचशे किलोग्रॅमची पकड तो तीनशेची करू शकत नाही, आणि वळणात अतिवेगाने शिरलेल्या गाडीला तो वाचवू शकत नाही. बोरघाटात उतरणाऱ्या गाड्यांसाठी कॅच सायडिंग ठेवलेली आहेत, ती याच जाणिवेने. ब्रेक कितीही चांगले असले तरी ते निकामी होतील असे गृहीत धरून भरकटलेल्या गाडीस चढावर वळविण्याची सोय तेथे केलेली असते. मोटारीच्या मालकाने नियंत्रक बसवून घेतल्यावर अधिक वेगाने जाण्याचा परवाना मिळाला असे मानले, तर रेल्वेने या घाटात दीड शतकाहून अधिक काळ जपलेली ही शिकवण तो विसरला असेच म्हणावे लागेल. यंत्राने हाताचे काम घेतले तरी जबाबदारी हाताकडेच राहते. माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर तर कितीही बलवान मोटार असली तरी ती थांबते. पुढे मोटारींना मनाई आहे. शक्ती रोखण्याचे ते सर्वांत साधे साधन होय, आणि तेथे कोणत्याही संवेदकाची गरज पडत नाही.