टाईप २ मधुमेहातील औषध-अनुपालन

औषध-अनुपालन म्हणजे टाईप २ मधुमेहाच्या रुग्णाने वैद्यकीय सल्ल्यानुसार ठरलेली औषधे ठरलेल्या मात्रेत, वेळेवर आणि सातत्याने घेणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालातील व्याख्येत रुग्णाच्या संमतीवर भर आहे. निव्वळ आज्ञापालन येथे अभिप्रेत नाही. विकसित देशांतही दीर्घकालीन आजारांचे सुमारे निम्मेच रुग्ण उपचार नियमित घेतात, असे त्या अहवालात नमूद आहे.

मापन

अनुपालन मोजण्यासाठी प्रश्नावली, उरलेल्या गोळ्यांची मोजणी आणि औषधखरेदीच्या नोंदी वापरतात. एकूण दिवसांपैकी किमान ८० टक्के दिवसांचे औषध हाती असल्यास, म्हणजे ३० पैकी २४ दिवस, अनुपालन समाधानकारक मानण्याचा प्रघात आहे. औषध हाती असणे आणि ते पोटात जाणे यांतील अंतर मात्र या पद्धतीत दिसत नाही. एचबीए१सी चाचणी मागील दोन ते तीन महिन्यांतील सरासरी रक्तशर्करा दाखवते. ती वाढलेली असली तरी कारण अनियमितताच असेल असे नाही, कारण औषधाची मात्राही अपुरी असू शकते.

खंडाची कारणे

आजार बहुधा दुखत नाही, हे मुख्य कारण. साखर आटोक्यात आल्याचा अहवाल हाती पडताच आजार बरा झाला असे समजून गोळी बंद केली जाते. मेटफॉर्मिनमुळे सुरुवातीला मळमळ किंवा जुलाब होतात. ते जेवणासोबत घेतल्यास व मात्रा हळूहळू वाढवल्यास हा त्रास कमी होतो.

उपवासाचा प्रश्न महाराष्ट्रात विशेष महत्त्वाचा आहे. यवतमाळ जिल्ह्यातील कळंब हे चिंतामणी गणेशाचे क्षेत्र असून चतुर्थीचा उपवास सर्वत्र रूढ आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन उपाशी राहिल्यास रक्तशर्करा धोकादायकरीत्या घटू शकते. उलट गोळी टाळून साबुदाण्याची खिचडी खाल्ल्यास ती वाढते. त्यामुळे उपवासाच्या दिवसाची मात्रा डॉक्टरांकडून आधीच ठरवून घेणे आवश्यक असते.

सार्वजनिक आरोग्यसेवा

आयसीएमआर-इंडियाबच्या २०११ मध्ये प्रसिद्ध निष्कर्षांनुसार महाराष्ट्रात मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के होते. असंसर्गजन्य आजारांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. तरीही साठा संपल्यास किंवा थोड्याच दिवसांच्या गोळ्या मिळाल्यास शेतमजुराला पुन्हा मजुरी बुडवून यावे लागते. फुकट औषधाचीही अशी किंमत मोजावी लागते.