दारूचा परवाना : हर्राजापासून नोकरनाम्यापर्यंत

दारू पिणाऱ्याविषयी आपण पुष्कळ बोलतो. संतांनी त्याला उपदेश केला, नाटककारांनी त्याला रंगभूमीवर आणले. परंतु त्याच्यापुढे पेला भरून ठेवणाऱ्याचा विचार फारसा कोणी करीत नाही. हा माणूस कोण असावा, त्याला हा अधिकार कोणी द्यावा, आणि त्याच्या हातून प्रमाद घडला तर त्याने जाब कोणाला द्यावा, या प्रश्नांचा इतिहास मोठा जुना आहे. जिंतूर तालुक्यातील आपल्या बोरीला तर तो अगदी जवळचा आहे. निजामाचा आबकारी कायदा, मुंबई राज्याची दारूबंदी आणि आजची परवाना पद्धती अशा तिन्ही व्यवस्था या भागाने सव्वाशे वर्षांच्या आत पाहिल्या.

मद्यविक्रीवर राज्यसत्तेची नजर असावी हा विचार काही इंग्रजांनी आपल्याला शिकविलेला नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी आहे. ठरलेल्या लोकांखेरीज इतर कोणी मद्य केले किंवा विकले, तर त्याला सहाशे पण दंड सांगितला आहे. याहून मार्मिक आहे तो दुसरा नियम. गिऱ्हाईक मद्याच्या धुंदीत झोपी गेले आणि त्याचे दागिने किंवा द्रव्य नाहीसे झाले, तर ती भरपाई विक्रेत्याने करावयाची आणि तेवढाच दंडही भरावयाचा! धुंदी चढविणाऱ्यावर त्या माणसाची काही जबाबदारी येते, हे तत्त्व इतक्या जुन्या काळी मान्य झालेले होते. इंग्लंडमध्ये १५५२ च्या कायद्याने मद्यगृह चालविणाऱ्याला न्यायाधिकाऱ्याकडून परवाना घेणे भाग पडले, आणि आपले घर नीट चालवीन असा जामीनही द्यावा लागला. तेथेही प्रश्न माणसाच्या वर्तनाचाच होता.

पुढे मात्र परवान्याच्या पोटात खजिना शिरला. निजामाच्या राज्यात जमीन महसुलाच्या खालोखाल आबकारीचे उत्पन्न मोठे मानले जाई. फसली सन १३१६ मध्ये, म्हणजे इसवी सन १९०६-०७ च्या सुमारास, हैदराबाद आबकारी कायदा झाला. मराठवाड्यात शिंदी आणि मोहाची दारू यांचा व्यवहार त्याच्या कक्षेत आला. विक्रीचा हक्क हर्राजात निघे, आणि ज्याची बोली वरचढ तो गुत्तेदार होई. गुत्ता, गुत्तेदार, हर्राज हे शब्द आपल्या बोलीत अजून नांदत आहेत ते उगीच नव्हे. या पद्धतीतील दोष उघड आहे. हर्राजात माणसाचे चारित्र्य पाहिले जात नाही, त्याची थैली पाहिली जाते. आणि चढी बोली देऊन गुत्ता घेणारा मनुष्य खप कमी व्हावा अशी इच्छा कशी करील?

इंग्रजी मुलखातही चित्र फारसे निराळे नव्हते. तेथे १८७८ चा मुंबई आबकारी कायदा आला. १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असताना महात्मा फुल्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. १९०८ मध्ये टिळकांच्या पाठिंब्याने पुण्यात त्या दुकानांवर निरोधन झाले. सरकारने परवाना दिला म्हणजे लोकांनी संमती दिली असे होत नाही, हे या दोन्ही प्रसंगांचे सार होय. आपल्याकडे हीच गोष्ट १९४७ च्या सत्याग्रहात दिसली. निजामाच्या उत्पन्नावर घाव घालण्यासाठी सत्याग्रहींनी शिंदीची झाडे तोडली. आबकारी म्हणजे राजवटीचा एक आधारस्तंभ, हे खेड्यातल्या माणसानेही ओळखले होते.

१९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १९५९ च्या कायद्याने मुंबईचा १९४९ चा दारूबंदी अधिनियम इकडेही लागू झाला. जुना हैदराबादी कायदा गेला आणि गोष्ट उलटी झाली. पूर्वी विक्री हा नियम होता, आता बंदी हा नियम आणि परवाना हा अपवाद ठरला. किरकोळ मद्यविक्री हा नागरिकाचा अंगभूत हक्क नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच अजमेरच्या एका खटल्यात दिला होता. पुढे बंदी सैल झाली, १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले, दुकाने व परवाना कक्ष वाढले. तरीही मूळ कायदा आजपर्यंत बंदीचाच आहे. मद्याचा परवाना हा राज्याने दिलेला सशर्त अपवाद आहे, हे विसरता कामा नये.

या व्यवस्थेत 'नोकरनामा' नावाचा एक छोटा कागद आहे. परवाना मालकाच्या नावाचा असतो. पण गल्ल्यापाशी किंवा टेबलाशी उभा राहतो तो नोकर. म्हणून मालकाच्या वतीने विक्री करणाऱ्या त्या नोकराच्या नावाने आबकारी खात्याकडून नोकरनामा घ्यावा लागतो. अज्ञान मुलाला मद्य विकू नये असे कायदा सांगतो. पण समोरचा मुलगा अज्ञान आहे की सज्ञान, हे अखेर याच नोकराने ठरवावयाचे असते. तो त्या व्यवस्थेचा शेवटचा पहारेकरी आहे. त्याची पारख लिंगाने होत नाही, हेही ध्यानी घ्यावे. मद्यगृहातील नोकरीला स्त्रियांना मज्जाव करणारा पंजाब आबकारी कायद्यातील नियम दिल्लीत लागू होता. तो सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये घटनाबाह्य ठरविला.

आणि २००८ च्या शासन आदेशाने या साखळीत महाराष्ट्रातील गावही आले. पुरेशा मतदारांनी मागणी केल्यास गुप्त मतदान होते, आणि त्यात महिलांच्या मताला विशेष स्थान आहे. दुकान हवे असेल तर उभी बाटली, नको असेल तर आडवी. हर्राजात ज्यांना कोणी विचारले नव्हते, त्या घरच्या बायकांच्या हाती हा निवाडा आला.

कौटिल्याचा विक्रेता गिऱ्हाइकाच्या मालमत्तेला जबाबदार होता. निजामाचा गुत्तेदार मुख्यतः खजिन्याला. आजचा परवानाधारक कोणाला जबाबदार आहे, याचे उत्तर कायद्यात लिहिलेले आहे. पण ते अंमलात येते नोकरनाम्याची तपासणी झाली तर, अज्ञान मुलाला परत पाठविले गेले तर, आणि गावाने आपल्या मताचा उपयोग केला तर. कागद सरकार देते. त्यावर पहारा आपण ठेवावयाचा असतो.