निवेदक (कथा आणि कविता)

कथेत, कादंबरीत किंवा कवितेत ज्याचा आवाज आपण ऐकतो तो निवेदक. प्रथमपुरुषी निवेदनात तो ‘मी’ म्हणून उघडपणे बोलतो, तृतीयपुरुषी निवेदनात आडून बोलतो. कवितेत त्याला काव्यगत ‘मी’ म्हणतात. तिन्ही ठिकाणी तो लेखकाने घडवलेला असतो, लेखक नसतो. साहित्याच्या वर्गात हे एका वाक्यात सांगून होते आणि पुस्तक उघडताच विसरले जाते. मराठीत या भेदाचा कस लागला तो मुंबईच्या गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यातल्या लेखनात, कारण इथले अनेक लेखक ज्या वस्तीत वावरले त्याच वस्तीवर लिहीत होते. लेखक आणि निवेदक एकमेकांसारखे दिसू लागले की ही संज्ञा निरुपयोगी ठरते, असे सहज वाटते. प्रत्यक्षात तिची खरी गरज तिथेच असते.

भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’मध्ये (१९६५) नाक्यावरच्या पोरांची हकिगत पोक्या सांगतो. तो त्या टोळक्यातलाच एक. एखाद्या मुलीच्या आयुष्याची झालेली वाताहत आणि पोरांची टवाळी तो एकाच सुरात सांगतो; कुठे थांबत नाही, हळहळत नाही. पुस्तकावर अश्लीलतेचा गदारोळ उठला आणि टीका करणाऱ्यांत आचार्य अत्रे होते. त्या टीकेने पोक्याची भाषा पाध्यांच्या नावावर जमा केली. परंतु पाध्ये कामगार चळवळीत आणि पत्रकारितेत वावरलेले होते, त्यांच्यापाशी दुसरी भाषा नव्हती असे मुळीच नाही. पोक्याला निवाडा करू न देणे ही त्यांची रचना आहे, आणि म्हणूनच तो निवाडा वाचकाच्या अंगावर येऊन पडतो. वेन बूथ या अमेरिकन समीक्षकाने १९६१ मध्ये अविश्वसनीय निवेदकाची कल्पना मांडली होती. पोक्या घटना लपवत नाही, पण त्यांची किंमत त्याला कळत नाही, या अर्थाने तो त्या जातीचा निवेदक आहे. याउलट पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’मध्ये (१९५८) वजन उतरवण्यासाठी उपास करणारा ‘मी’ चाळीत राहतो, शेजाऱ्यांचे सल्ले ऐकतो, आणि तो पु. लं.नी रंगवलेला आहे हे वाचकाला कुणी सांगावे लागत नाही. म्हणजे हा भेद मराठी वाचकाला कळत नाही असे नाही. हसू आले की तो पाळायचा आणि राग आला की मोडायचा, हा अन्याय मात्र आपल्या समीक्षेने केला आहे.

एक आक्षेप असा की हे पाश्चात्त्य समीक्षेतून आणलेले कीस काढणे आहे. संज्ञेची आजची मांडणी तिकडून आली हे खरे, पण व्यवहार इथला जुना आहे. एकनाथांच्या भारुडांत कधी जोशी बोलतो, कधी गोंधळी, कधी सासुरवासाला कंटाळलेली सून; पैठणच्या या संताचे चरित्र त्यात शोधायला कुणी गेले नाही. शाहिरांनी स्त्रीच्या तोंडी लावण्या घातल्या, ज्ञानेश्वरांनी विरहिणी लिहिल्या. ऐकणाऱ्यांना त्यात अडचण आली नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. कामगार आणि दलित साहित्यातला ‘मी’ ही साक्ष आहे. ती कवीपासून तोडली तर तिचे बळच जाते. नारायण सुर्वे (१९२६–२०१०) यांच्याबाबत हा आक्षेप सर्वांत जोरदार वाटतो. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून वाढवलेले हे अनाथ मूल परळच्या कामगारवस्तीत लहानाचे मोठे झाले, आणि ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) या पहिल्या संग्रहाच्या नावातच ‘मी’ आहे. तरीही त्यांची मार्क्सवरची कविता बारकाईने पाहावी. तिच्यातल्या ‘मी’ला पहिल्या संपाच्या मिरवणुकीत मार्क्सची ओळख जानकीअक्का करून देते, तीही घरच्या म्हाताऱ्याची करून द्यावी तशी. पुढे एका सभेत हा ‘मी’ मंदीचे कारण विचारत असतो, तेव्हा १८८३ मध्ये वारलेला मार्क्स पुढे येऊन ते सांगतो; नंतर गेटमीटिंगवर, म्हणजे गिरणीच्या दारातल्या सभेत, तो ‘मी’चे भाषण उभा राहून ऐकतो, त्याच्याशी कवितेबद्दल बोलतो. जानकीअक्काकडून प्रथमच नाव ऐकणारा पोरगा, गेटमीटिंगवर भाषण करणारा कार्यकर्ता आणि या दोघांना एका कवितेत बसवणारा कवी अशी तीन माणसे इथे आहेत. तिघांना एकच मानले तर पहिल्याचे भोळेपण कवीचे ठरते आणि त्याला दुसऱ्यापर्यंत आणणारी कारागिरी दिसेनाशी होते. कामगार कवीला फक्त साक्षीदार मानण्यात त्याची कलावंत म्हणूनची पत काढून घेतली जाते, आणि हे सुर्व्यांच्या वाट्याला फार आले. चरित्र टाकाऊ आहे असा याचा अर्थ नव्हे. गेटमीटिंग कशी असते हे कवीला कुठून कळले, ते चरित्र सांगते. त्या मीटिंगला मार्क्स कसा आला, ते सांगत नाही.

नाटकाला ही संज्ञा जशीच्या तशी लागू पडत नाही. १९८२ च्या गिरणी संपानंतरच्या गिरणगावातल्या एका कुटुंबावरचे जयंत पवार यांचे ‘अधांतर’ कुणी एक जण सांगत नाही. तिथे पात्रे परस्परांशी बोलतात, आणि कोणाचे बोलणे कोणत्या प्रसंगी तोडले जाते यातून नाटककाराची बाजू वाचावी लागते. सूत्रधार असलेली नाटके याला अपवाद.