डस्टी इन मेम्फिस

'डस्टी इन मेम्फिस' हा ब्रिटिश गायिका डस्टी स्प्रिंगफील्ड यांचा १९६९ साली प्रकाशित झालेला अल्बम आहे. अमेरिकेत तो अटलांटिक रेकॉर्ड्स या कंपनीने, तर ब्रिटनमध्ये फिलिप्सने काढला. सोल संगीताची लय आणि पॉप संगीतातील तंतुवाद्यांचा वाद्यवृंद यांचा मेळ घालणाऱ्या या अल्बममध्ये ११ गीते आहेत. प्रकाशनाच्या वेळी त्याला बेताचाच प्रतिसाद मिळाला. आज मात्र तो स्प्रिंगफील्ड यांची सर्वोत्तम कृती मानला जातो.

पार्श्वभूमी

स्प्रिंगफील्ड यांचा जन्म १६ एप्रिल १९३९ रोजी लंडनमध्ये झाला. त्यांचे मूळ आडनाव ओब्रायन होते. बंधू टॉम यांच्यासह 'द स्प्रिंगफील्ड्स' या त्रयीत गायल्यानंतर १९६३ पासून त्या स्वतंत्रपणे गाऊ लागल्या. 'यू डोन्ट हॅव टू से यू लव्ह मी' हे त्यांचे गीत १९६६ साली ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलावंतांच्या संगीताविषयी त्यांना मोठी आस्था होती. वर्णभेदाच्या आधारे विभागलेल्या श्रोत्यांसमोर गाण्यास नकार दिल्यामुळे १९६४ साली त्यांना दक्षिण आफ्रिका सोडावी लागली. पुढच्याच वर्षी त्यांनी ब्रिटिश दूरचित्रवाणीवर मोटाउन कंपनीच्या कलावंतांचा विशेष कार्यक्रम सादर केला. अरीथा फ्रँकलिन ज्या कंपनीसाठी गात होत्या, त्या अटलांटिकशी १९६८ साली करार करण्यामागेही हीच ओढ होती.

ध्वनिमुद्रण

अल्बमची निर्मिती जेरी वेक्सलर, टॉम डाऊड आणि अरिफ मार्डिन या तिघांनी केली. वेक्सलर यांच्या कथनानुसार त्यांनी आरंभी सुचवलेल्या ७०-८० गीतांपैकी एकही स्प्रिंगफील्ड यांनी स्वीकारले नव्हते.

सप्टेंबर १९६८ मध्ये टेनेसी राज्यातील मेम्फिस येथील अमेरिकन साउंड स्टुडिओत कामाला सुरुवात झाली. रेजी यंग (गिटार), टॉमी कॉगबिल (बेस गिटार), जीन क्रिसमन (ड्रम), बॉबी एमन्स (ऑर्गन) आणि बॉबी वुड (पियानो) हे तेथील प्रमुख वादक होते. आधी लिहून ठेवलेल्या स्वरलेखनावर विसंबून न राहता, वाजवता वाजवताच गीताची मांडणी ठरवण्याची त्यांची पद्धत होती. स्प्रिंगफील्ड यांना तयार वाद्यसाथीवर गाण्याची सवय होती. शिवाय विल्सन पिकेट यांच्यासारखे गायक जेथे गाऊन गेले, तेथे आपण उभे आहोत या जाणिवेचे दडपण त्यांच्यावर आले. परिणामी अल्बममध्ये ऐकू येणारे त्यांचे गायन नंतर न्यूयॉर्क येथे ध्वनिमुद्रित झाले. 'द स्वीट इन्स्पिरेशन्स' या गायिकासमूहाचा कोरस आणि मार्डिन यांनी योजलेली तंतुवाद्ये यांचीही जोड त्यावर देण्यात आली. अल्बमच्या नावात मेम्फिस असले, तरी त्या शहराचा वाटा प्रामुख्याने ताल व मूळ वाद्यसाथीचा आहे.

गीते आणि गायन

चार गीते जेरी गॉफिन व कॅरोल किंग यांची आणि दोन रँडी न्यूमन यांची आहेत. बॅरी मान व सिंथिया वाइल, तसेच बर्ट बॅकरॅक व हॅल डेव्हिड या जोड्यांचे प्रत्येकी एक गीत आहे.

या अल्बममधील गायनाचे वैशिष्ट्य म्हणजे संयम. सोल गायनातील उंच आर्ततेचे अनुकरण करण्याऐवजी स्प्रिंगफील्ड अनेक ठिकाणी कुजबुजीच्या जवळ जाणारा दबका स्वर लावतात. शब्द लयीच्या किंचित मागे ठेवतात आणि मोजक्याच जागी आवाज मोकळा सोडतात. न्यूमन यांच्या 'आय डोन्ट वॉन्ट टू हिअर इट एनीमोअर' या गीतातील स्त्रीला प्रियकराच्या प्रतारणेची चर्चा शेजाऱ्यांच्या तोंडून कानी पडते. येथे वाद्यवृंद भरत जातो. आवाजातले दुःख मात्र आवरलेलेच राहते. 'ब्रेकफास्ट इन बेड' या गीतात त्यांच्या १९६६ च्या गाजलेल्या गीताचे शीर्षक गुंफलेले आहे.

'सन ऑफ अ प्रीचर मॅन' हे जॉन हर्ली व रॉनी विल्किन्स यांचे गीत धर्मोपदेशकाच्या मुलाच्या प्रेमाची आठवण सांगते. यंग यांच्या गिटारच्या छोट्या सुरावटीने ते सुरू होते. गायिकेचा एकेरी स्वर आणि कोरसचे प्रत्युत्तर या रचनेत चर्चमधील गॉस्पेल गायनाचा संस्कार स्पष्ट जाणवतो. याउलट मिशेल लग्रां यांचे 'द विंडमिल्स ऑफ युवर माइंड' हे मूळचे चित्रपटगीत असून, त्यात तंतुवाद्यांना अधिक वाव मिळाला आहे.

प्रतिसाद

'सन ऑफ अ प्रीचर मॅन' ब्रिटनमध्ये नवव्या आणि अमेरिकेत दहाव्या क्रमांकावर पोहोचले. अल्बम मात्र अमेरिकेच्या यादीत ९९ व्या क्रमांकापलीकडे गेला नाही आणि ब्रिटनच्या यादीत त्याला स्थानच मिळाले नाही. १९७० च्या दशकात स्प्रिंगफील्ड यांची लोकप्रियता ओसरली. १९८७ साली 'पेट शॉप बॉइज' यांच्यासह गायलेल्या गीतामुळे त्या पुन्हा प्रकाशात आल्या.

प्रभाव

१९९४ च्या 'पल्प फिक्शन' या चित्रपटातील वापरामुळे 'सन ऑफ अ प्रीचर मॅन' नव्या पिढीपर्यंत पोहोचले. २ मार्च १९९९ रोजी स्प्रिंगफील्ड यांचे निधन झाले. अल्बमचा २००१ साली ग्रॅमी हॉल ऑफ फेममध्ये आणि २०२० साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत समावेश झाला. अमेरिकन गायिका शेल्बी लिन यांनी २००८ साली स्प्रिंगफील्ड यांना वाहिलेल्या आदरांजलीपर अल्बमला याच अल्बममधील पहिल्या गीताचे, म्हणजे 'जस्ट अ लिटल लव्हिन' हे नाव दिले.