हाउलेंदिद : आइसलँडचा मध्यवर्ती उच्च प्रदेश

आइसलँड बेटाच्या अंतर्भागातील निर्मनुष्य ज्वालामुखी प्रदेश. ‘हाउलेंदिद’ या आइसलँडी शब्दाचा अर्थ ‘उंचावरची भूमी’. क्षेत्रफळ सुमारे ४०,००० चौ. किमी.; देशाच्या एकूण क्षेत्राचा (सुमारे १,०३,००० चौ. किमी.) साधारण दोन पंचमांश भाग. बहुतेक पठार समुद्रसपाटीपासून ४०० मी.पेक्षा उंच आहे. आइसलँडची माणसे किनाऱ्यालगत आणि सखल खोऱ्यांत राहतात; अंतर्भागात कायम वस्तीचे एकही गाव नाही. या प्रदेशाच्या आग्नेयेस वात्नायोकुल हा बेटावरील सर्वांत मोठा हिमटोप (सुमारे ७,७०० चौ. किमी.) असून मध्यभागी होफ्सयोकुल व पश्चिमेस लांगयोकुल हे हिमटोप आहेत. या हिमटोपांमधल्या मोकळ्या पट्ट्यांतूनच बेट ओलांडण्याच्या जुन्या वाटा जातात.

भूरचना : उत्तर अमेरिकी आणि युरेशियन हे भूपट्ट येथे वर्षाला सुमारे २ सेंमी. वेगाने एकमेकांपासून दूर सरकतात. शिवाय वात्नायोकुलच्या परिसराखाली पृथ्वीच्या पोटातून तप्त द्रव्य वर येते. या दोन कारणांमुळे हा प्रदेश अजून घडतोच आहे. येथील मुख्य खडक बेसाल्ट, म्हणजे सह्याद्रीतला काळा कातळच. सह्याद्रीचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. येथील काही कातळ मात्र शाळकरी मुलाच्या वयाचा आहे. ३१ ऑगस्ट २०१४ रोजी वात्नायोकुलच्या उत्तरेस होलुहरौन येथे जमीन फाटली आणि २७ फेब्रुवारी २०१५ पर्यंत सुमारे ८४ चौ. किमी. भूमी नव्या लाव्ह्याने झाकली गेली. प्रदेशाच्या दक्षिण कडेला १७८३-८४ मध्ये लाकी येथील सुमारे २७ किमी. लांबीच्या भेगेतून आठ महिने लाव्हा वाहत होता. त्यातील विषारी वायूंनी गवत नासले, गुरे-मेंढरे मेली आणि पाठोपाठच्या दुष्काळात देशातील सुमारे एक पंचमांश माणसे दगावली. दख्खनच्या पठाराचे थरही मोठ्या प्रमाणात अशाच भेगी उद्रेकांतून साचले. त्यांचे प्रमाण मात्र लाकीच्या कितीतरी पटींनी मोठे होते.

हेर्डुब्रेद (१,६८२ मी.) या पर्वताचा माथा सपाट आणि कडे उभे आहेत. सह्याद्रीतल्या एखाद्या किल्ल्याच्या डोंगरासारखा तो दिसतो, पण दोघांची घडण वेगळी आहे. सह्याद्रीचे माथे आडव्या थरांची झीज होऊन सपाट राहिले. हेर्डुब्रेदचा उद्रेक हिमयुगात जाड बर्फाखाली झाला. वितळलेल्या पाण्यात लाव्हा थिजून त्याचा चुरा साचत गेला. भोवतालच्या बर्फाच्या भिंतींमुळे त्याला बाजूला पसरता आले नाही. उद्रेकाचे तोंड पाण्याबाहेर आल्यावर वर लाव्ह्याचे झाकण बसले. पुढे बर्फ गेला आणि साच्यातून काढल्यासारखा पर्वत उरला. त्याच्या माथ्यावर पहिली चढाई १९०८ मध्ये हान्स रेक आणि सिगुर्डुर सुमार्लिदासोन यांनी केली.

आस्क्या हे जमीन खचून झालेले ज्वालामुखी महाकुंड आहे. मार्च १८७५ मधील स्फोटाची राख स्कँडिनेव्हियापर्यंत पोहोचली. पूर्व आइसलँडमधील अनेक शेतवाड्या ओस पडल्या आणि अनेकांनी उत्तर अमेरिकेची वाट धरली. स्फोटानंतर खचलेल्या भागात पाणी साचून ओस्क्युवात्न हे सुमारे २२० मी. खोल सरोवर झाले. शेजारच्या व्हीती (अर्थ : नरक) या लहान विवरात दुधी निळसर कोमट पाणी आहे. १९०७ मध्ये जर्मन भूवैज्ञानिक वाल्टर फोन क्नेबेल आणि चित्रकार माक्स रुडलॉफ हे ओस्क्युवात्नवर नाव घेऊन गेले, ते परतले नाहीत. क्नेबेलची वाग्दत्त वधू इना फोन ग्रुम्बको पुढच्या वर्षी त्यांच्या शोधात येथवर आली, पण काही हाती लागले नाही. जुलै २०१४ मध्ये एक मोठी दरड सरोवरात कोसळून प्रचंड लाटा उठल्या.

नैर्ऋत्येकडील लांडमन्नालौगर परिसरात रायोलाइट खडकाचे पिवळे, तांबूस आणि हिरवट डोंगर आहेत. पंधराव्या शतकातील काळ्या लाव्ह्याच्या कडेखालून तेथे गरम पाणी झिरपते. ते थंड ओढ्याला मिळते त्या ठिकाणी लोक स्नान करतात.

जल आणि जीव : वात्नायोकुलच्या दक्षिण उतारावर वर्षाला ४,००० मिमी.हून अधिक पाऊस व बर्फ पडतो. उत्तरेकडची बाजू पर्जन्यछायेत येते. तेथे जे पडते तेही सच्छिद्र लाव्ह्यात मुरून जाते. म्हणून ओदादाहरौन हे विस्तीर्ण लाव्हाक्षेत्र थंड वाळवंटच आहे. मुरलेले पाणी लाव्ह्याच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते आणि तेवढ्याच जागी शेवाळ, गवत व रानफुलांची हिरवळ दिसते. होफ्सयोकुलच्या दक्षिणेकडील थ्योर्सारवेर ही पाणथळ जागा गुलाबी पायांच्या हंसकांच्या विणीसाठी प्रसिद्ध आहे. पूर्वेकडे अठराव्या शतकात नॉर्वेहून आणलेल्या रेनडियरचे वंशज चरतात. ध्रुवीय कोल्हा हा मात्र या बेटाचा मूळचा एकमेव भूचर सस्तन प्राणी.

इतिहास : ९३० मध्ये थिंगवेल्लिर येथे लोकसभा भरू लागली, तेव्हापासून उत्तरेकडील सरदार घोड्यांवरून पठार ओलांडून दक्षिणेस येत. त्यांच्या दोन मुख्य वाटा म्हणजे क्योलूर आणि स्प्रेंगिसांदुर. दुसरीच्या नावातच घोडा ऊर फुटेस्तोवर पळवण्याचा अर्थ आहे, कारण त्या वाळूच्या पट्ट्यात चारा नव्हता आणि रेंगाळणे परवडत नसे. १७८० च्या शरदात रेनिस्तादुरचे दोन भाऊ तीन सोबत्यांसह दक्षिणेत खरेदी केलेली मेंढरे घेऊन क्योलूरवरून निघाले आणि वाटेतच सर्व गोठून मेले. ते मेले त्या टेकाडाला आजही ‘हाडांची टेकडी’ म्हणतात. कायद्याने बहिष्कृत केलेले लोकही येथेच आसरा घेत. त्यांपैकी एव्हिंदुर आणि त्याची बायको हल्ला यांनी अठराव्या शतकात सुमारे वीस वर्षे रानात काढली. ह्वेरावेलिरच्या उकळत्या झऱ्यात ती मांस शिजवीत, असे सांगतात. त्यांच्यावर योहान सिगुर्योनसोनने १९११ मध्ये नाटक लिहिले. १९६५ आणि १९६७ मध्ये अमेरिकेच्या अपोलो मोहिमांतील अंतराळवीर भूविज्ञानाच्या सरावासाठी आस्क्या परिसरात आले होते. दुसऱ्या तुकडीत नील आर्मस्ट्राँग होता.

वस्ती नसली तरी पठाराचा किनाऱ्याशी संबंध तुटलेला नाही. उन्हाळ्यात शेतकरी मेंढरे पठाराच्या कुरणांवर मोकळी सोडतात आणि सप्टेंबरात घोड्यांवरून जाऊन ती हाकून आणतात. मधोमध एक गोल आवार आणि त्याभोवती पाकळ्यांसारखे कप्पे, प्रत्येक वाडीचा एक, अशी मेंढरे निवडण्याची जागा असते. माणसे मेंढराची शिंगे धरून, कानावर कापलेली खूण पाहून त्याला आपापल्या कप्प्यात ओढत नेतात. लहान मुलेही यात मागे नसतात.

प्रवास : स्प्रेंगिसांदुर मोटारीने प्रथम १९३३ मध्ये ओलांडले गेले. पठारावरील बहुतेक रस्त्यांच्या क्रमांकाआधी ‘एफ’ हे अक्षर असते. ते ‘फ्याल’ (पर्वत) या शब्दाचे आद्याक्षर. हे रस्ते कच्चे असून साधारण जूनअखेर किंवा जुलैत उघडतात व सप्टेंबरात बर्फ पडू लागला की बंद होतात. त्यांवर चारही चाकांना गती मिळणारे वाहनच चालते. क्योलूरच्या मुख्य रस्त्यावरील नद्यांना आता पूल आहेत. इतरत्र अनेक ठिकाणी गाडी पाण्यातच घालावी लागते. हिमनदीचे पाणी दिवसाच्या उबेने वाढत जाते, म्हणून सकाळी गुडघाभर असलेला प्रवाह संध्याकाळी गाडी वाहून नेऊ शकतो. पात्र रुंद असते तेथे पाणी बहुधा उथळ असते. जाणकार आधी पायी उतरून तळ चाचपतात, मग सर्वांत खालच्या गिअरमध्ये संथपणे गाडी पलीकडे नेतात व मध्येच गिअर बदलत नाहीत. भाड्याच्या गाडीचा विमा सहसा पाण्यातल्या नुकसानीला लागू नसतो.

पायी फिरणाऱ्यांसाठी लांडमन्नालौगर ते थोर्समोर्क ही सुमारे ५५ किमी.ची लौगावेगुर वाट प्रसिद्ध आहे. ती बहुधा चार दिवसांत होते आणि वाटेत मुक्कामाच्या झोपड्या आहेत. अशा झोपड्या व वाटा सांभाळणाऱ्यांत १९२७ मध्ये स्थापन झालेली ‘फेर्दाफेलाग इस्लांद्स’ ही पर्यटन संस्था जुनी आहे. संकटात मदतीला येणारी पथके स्वयंसेवकांची असतात.

संरक्षण : रस्ता सोडून वाहन चालवणे हा गुन्हा आहे. शेवाळावर उमटलेला चाकांचा चर बुजायला कित्येक दशके लागतात. पूर्वेकडे काराहन्यूकर धरणामुळे (जलविद्युत क्षमता ६९० मेगावॉट) मोठा प्रदेश पाण्याखाली गेला. त्यावरून देशात मोठा वाद झाला. वात्नायोकुल राष्ट्रीय उद्यानाला २०१९ मध्ये जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. संपूर्ण पठाराचे राष्ट्रीय उद्यान करण्याचे विधेयक त्यानंतर संसदेत आले, पण संमत झाले नाही.

नकाशात रस्त्याची रेघ वर्षभर असते. रस्ता मात्र वर्षातून जेमतेम अडीच महिने असतो. म्हणून येथे जाणाऱ्याने छापील नकाशावर विसंबू नये. रस्ते विभागाची त्या सकाळची स्थिती पाहावी, आपला मार्ग कोणाला तरी सांगून ठेवावा आणि पाणी वाढलेले दिसल्यास परत फिरावे.