चौतीस नंबरची शेवरले

१ डिसेंबर १९६३. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला, स्पीडवे पार्कच्या कठड्याला तुम्ही चिकटून उभे आहात. ट्रॅक जेमतेम अर्ध्या मैलाचा, मातीचा. वळणावर गाड्या आडव्या घसरतात आणि धुळीचा लोट थेट तोंडावर येतो. दाताखाली कचकच होते, तरी नजर हटत नाही. मोटार शर्यत ऐन रंगात आहे; ३४ नंबरची शेवरले आघाडीचा ड्रायव्हर रिचर्ड पेटीला मागे टाकून पुढे निघाली आहे. दोनशेपैकी पंचवीस फेऱ्या उरल्यात.

स्टिअरिंगवर वेंडेल स्कॉट आहे, वय ४२. व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचा कृष्णवर्णीय मेकॅनिक. महायुद्धात सैन्याच्या गाड्या दुरुस्त केल्या, मग चोरट्या दारूच्या खेपा करत पोलिसांना हुलकावण्या दिल्या. तिथेच हात तयार झाला. ही गाडीही सेकंडहँड, ड्रायव्हर नेड जॅरेटकडून घेतलेली. बड्या कंपन्यांचा पैसा त्याच्या वाट्याला येत नाही. इंजिन स्वतःच खोलायचं, मदतीला घरची पोरं.

दोनशे फेऱ्या पुऱ्या होतात, पण चौकड्यांचा झेंडा काही हलत नाही. स्कॉट आणखी दोन फेऱ्या मारतो. आणि पुकारा होतो दुसऱ्याच ड्रायव्हरच्या, बक बेकरच्या नावाचा! तुमचा घसा कोरडा पडतो. फेऱ्यांची नोंद हातानेच होते, चूक होऊ शकते. पण स्कॉट बेकरच्या तब्बल दोन फेऱ्या पुढे होता. काही तासांनी, गर्दी पांगल्यावर, अधिकारी कबूल करतात की जिंकला स्कॉटच. ट्रॉफी तोवर बेकरबरोबर गेलेली. विजेत्याला गोऱ्या सौंदर्यवतीने चुंबन द्यायचा रिवाज होता, ते काळ्या माणसाच्या बाबतीत टाळायचं होतं, असं स्कॉट पुढे सांगत असे. मला त्याचंच म्हणणं पटतं.

आता १९७३. अलाबामातल्या टॅलाडेगाला वीसेक गाड्या एकमेकींवर आदळतात, त्यात स्कॉटची मर्क्युरीही. तो जबर जखमी होतो. त्या वर्षीच कारकीर्द जवळपास संपते: ४९५ शर्यती, १४७ वेळा पहिल्या दहात, विजय एकच. पैशाचं पाठबळ असतं तर हा आकडा किती वाढला असता, हा विचार तुमची पाठ सोडत नाही.

शेवटची उडी, २०२१, डेटोना. नॅस्कार, म्हणजे या शर्यती भरवणारी संघटना, १९६३ च्या त्या शर्यतीची ट्रॉफी स्कॉटच्या कुटुंबाला देते. तो स्वतः १९९० मध्येच गेला आहे.